हजेरीपटावर रात्री चढलेलं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत सायबर चोऱ्यांवर पानभर मजकूर आला होता आणि शेवटी चौकट होती, पासवर्ड बदला, ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. बरोबरच आहे सगळं, माझ्या आईने ती चौकट कापून फ्रीजवर चिकटवलीये. पण त्याच पानावर कंपन्यांसाठीही तोच सल्ला होता, चोरी झाली कि ताबडतोब पासवर्ड बदला, आणि तिथे मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात छोट्या कंपन्यांचे क्लाउड सांभाळायचं काम करते, म्हणजे त्यांचे सर्व्हर आपल्या गोडाऊनमध्ये नसतात, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट नाहीतर गुगलकडे भाड्याने असतात आणि त्याच्या किल्ल्या आमच्यासारख्यांकडे असतात. आणि मी सांगते, क्लाउडमध्ये चोर शिरला ना, कि तो पहिलं काम काय करतो तर स्वतःसाठी दुसरी किल्ली बनवून घेतो. मग तुम्ही पहिलं कुलूप खुशाल बदला.

झालेली गोष्ट सांगते, कंपनीचं नाव सांगणार नाही. तीसेक माणसांची कंपनी, दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. त्यांच्या एका पोराने कॉन्फिगची फाइल झिप करून बाहेरच्या व्हेंडरला मेल केली आणि त्या फाइलमध्ये अॅमेझॉनची अॅक्सेस की, म्हणजे प्रोग्रामला आत शिरायला दिलेली किल्ली, तशीच होती. ती पण अॅडमिन परमिशनवाली, का तर काम अडायला नको. व्हेंडरचा मेलबॉक्स आधीच कोणीतरी उघडून बसलेलं. दोन दिवसांनी ह्यांच्या लक्षात आलं, त्यांनी ती की डिलीट केली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, मिटिंग घेतली, त्या पोराला सगळ्यांसमोर झापलं (त्याची गरज नव्हती) आणि विषय संपला असं समजून सगळे घरी गेले. चार दिवसांनी बिलाचा अलर्ट आला. ज्या देशांत ह्यांचा एकही गिऱ्हाईक नाही तिथे महागडी मशिनं चालू होती, कॉइन मायनिंगसाठी, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमवायला. मशिनं बंद केली तर दोन तासांत परत चालू. तेव्हा मला फोन आला, शनिवारी रात्री, मी चुलतभावाच्या हळदीला होते.

लॅपटॉप उघडला आणि क्लाउडट्रेल बघायला घेतलं. क्लाउडट्रेल म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडचा हजेरीपट म्हणा, कोणी कधी काय केलं त्याची नोंद, आणि मागच्या ९० दिवसांची नोंद फुकट मिळते, चालू करावी पण लागत नाही. मी नवीन यूजर कोणी बनवला ते शोधलं. काहीच नाही. एकही ओळ नाही. आणि मला घाम फुटला कारण मग हा माणूस कुठून येतोय. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला कि मी मुंबई रीजनमध्ये, म्हणजे अॅमेझॉनच्या मुंबईच्या विभागात, बघतेय. यूजर बनवणे, किल्ली देणे, परमिशन देणे ह्या सगळ्या नोंदी अॅमेझॉनमध्ये मुंबईत पडतच नाहीत, त्या पडतात अमेरिकेत, नॉर्थ व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये, तुमचे सर्व्हर कुठेही असोत. हे मला माहीत होतं हो, परीक्षेत लिहिलंय मी हे, पण हळदीच्या मांडवात रात्री अकराला ते आठवलं नाही. इतकी वर्षं काम करणारीची ही गत तर त्या कंपनीतल्या पोरांनी मुंबईत बघितलं, काही दिसलं नाही आणि "ऑल क्लिअर" म्हणून मेल टाकला, ह्यात त्यांचा काय दोष.

व्हर्जिनियात गेल्यावर सगळं दिसलं. २१ वाजून १२ मिनिटांची नोंद. लॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे मध्यरात्रीनंतर २ वाजून ४२ मिनिटं. आधी एक ओळ, गेट कॉलर आयडेंटिटी, म्हणजे चोराने आत येऊन पहिल्यांदा विचारलं कि मी कोण आहे. कारण चोरलेली किल्ली कुठल्या घराची ते त्याला पण माहीत नसतं. मग लिस्ट यूजर्स, घरात कोण कोण राहतं. मग क्रिएट यूजर. नाव काय ठेवलं तर ह्यांच्याकडे बॅकअप-रिपोर्ट नावाचा एक जुना यूजर होता, ह्याने ठेवलं बॅकअप-रिपोर्ट्स. एक स जास्त. मग त्याला अॅडमिनिस्ट्रेटर अॅक्सेसची पॉलिसी, म्हणजे सगळं करायची परवानगी, जोडली, मग त्याची अॅक्सेस की काढली, मग त्याला कन्सोलचा, म्हणजे ब्राउझरमधून लॉगिन करायचा, पासवर्ड पण दिला. पंधरा सेकंदांत. ह्यांनी दोन दिवसांनी जी किल्ली डिलीट केली तिची चोराला गरजच उरली नव्हती, आणि पासवर्ड बदलताना कोणीतरी यूजरची यादी बघितली सुद्धा होती, पण बॅकअप-रिपोर्ट्स हे नाव बघून कोणाला काय वाटणार.

इथे मला बाबांची आठवण येते. बाबा रोजगार हमीच्या कामावर हजेरी घ्यायचे, आमच्या सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी भागात, आटपाडी-जतकडे. बोगस मजुरांची नावं मस्टरवर चढवण्याचे प्रकार तेव्हा कसे चालायचे ते महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको. बाबा सांगायचे कि तपासणीला एक साहेब यायचे ते नावं वाचायचेच नाहीत. नावं सगळी खरीच असतात, गावात त्या नावाची माणसं असतात. ते शाई बघायचे. रोज कामावर उन्हात उभं राहून भरलेली हजेरी वेगळी दिसते, कधी पेन नीट चालतं कधी नाही, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर बसून एका बैठकीत निळ्या शाईने भरलेली हजेरी वेगळी दिसते. कोणाचं नाव आहे ह्यापेक्षा ते कशाने लिहिलंय, कुठे बसून लिहिलंय हे बघा.

क्लाउडच्या हजेरीपटावर शाईचा रकाना असतो. त्याला यूजर एजंट म्हणतात. माउसने, ब्राउझरमधून, अॅमेझॉनच्या कन्सोलवर जाऊन यूजर बनवला तर तिथे ब्राउझरचं किंवा कन्सोलचं नाव येतं. टर्मिनलवरून, म्हणजे ती काळी स्क्रीन, तिथे कमांड मारून बनवला तर एडब्ल्यूएस-सीएलआय असं येतं, पुढे त्याचं व्हर्जन, पायथनचं व्हर्जन, मशीन लिनक्स आहे का विंडोज. पायथनच्या स्क्रिप्टने केलं तर बोटो३ येतं, टेराफॉर्मने, म्हणजे लिहून ठेवलेल्या फाइलवरून सर्व्हर-यूजर आपोआप उभे करणाऱ्या टूलने, केलं तर टेराफॉर्मचं नाव येतं. ह्या कंपनीत नवीन यूजर बनवायचं काम एकाच गृहस्थांकडे, त्यांचा विंडोजचा लॅपटॉप, आणि त्यांनी जन्मात कधी टर्मिनल उघडलेलं नाही, स्वतःच सांगत होते अभिमानाने. ९० दिवसांत चार यूजर बनले होते, तीन ब्राउझरमधून दिवसा ऑफिसच्या आयपीवरून, आणि एक पहाटे पावणेतीनला लिनक्सवरच्या सीएलआयवरून परदेशी आयपीवरून. आता ह्यात काय एआय लागतंय का ओळखायला? पण बघावं तर लागतं ना.

चोर कमांड लाइनच का वापरतात ह्याचं उत्तर साधं आहे. त्यांच्या हाती पासवर्ड नसतो, अॅक्सेस की असते, आणि ती की ब्राउझरच्या लॉगिन पानावर चालत नाही, ती बनलेलीच प्रोग्रामसाठी आहे. शिवाय ती वापरताना मोबाइलवरचा कोड कोणी विचारत नाही, तुम्ही पॉलिसीमध्ये मुद्दाम तशी अट घातली नसेल तर. सगळ्यांनी एमएफए, म्हणजे तोच मोबाइलवरचा दुसरा कोड, लावलंय म्हणून निर्धास्त असणारे साहेब मी रोज बघते, त्यांनी दरवाजाला तीन कुलपं लावलीत आणि मागच्या दिंडीची किल्ली फाइलमध्ये ठेवून मेलने पाठवलीये. आणि कमांडची स्क्रिप्ट एकदा लिहून ठेवली कि दहा कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांवर तीच चालते, चोराला बसून क्लिक क्लिक करायचं नसतं. आता कोणी जाणकार म्हणेल कि पंधरा सेकंदांचं काय कौतुक, कन्सोलमध्येही शेवटचं बटण दाबलं कि दोन-तीन नोंदी एकदमच पडतात. खरंय. म्हणून नुसत्या वेगावर जाऊ नये, वेग आणि शाई आणि वेळ आणि जागा सगळं मिळून बघायचं.

हे काही आजचं नाहीये. २०१४ च्या जून महिन्यात कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती, लोकांचा कोड सांभाळून ठेवायची, सगळं अॅमेझॉनवर. कोणीतरी त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलं आणि पैसे मागितले. ह्यांनी काय केलं, आपल्या चौकटीत लिहिलंय तेच केलं, पासवर्ड बदलायला घेतले. पण शिरलेल्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन बनवून ठेवले होते, त्याला कळलं कि हे आपल्याला हाकलतायत आणि त्याने एकेक करून डिलीट करायला सुरुवात केली. डेटा, बॅकअप, मशीन इमेज, जे दिसेल ते. १२ तासांत बहुतेक सगळं गेलं आणि कंपनी तिथेच बंद झाली. बंद म्हणजे कायमची. ह्या गोष्टीला दहा वर्षं उलटून गेली आणि अजून आपण सल्ला देतोय पासवर्ड बदला. बदला ना, पण आधी कोण कोण आत बसलंय ते मोजा, मग सगळ्यांना एकदम बाहेर काढा. उलट क्रमाने केलं तर चोराला नोटीस दिल्यासारखं होतं.

मोठ्यांचं पण तेच. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं कि मिडनाइट ब्लिझार्ड नावाचा रशियन सरकारी गट त्यांच्या मेलबॉक्सेसमध्ये शिरला. सुरुवात कुठून तर एका जुन्या टेस्ट अकाउंटपासून ज्याला एमएफए नव्हतं. तिथून एका जुन्या टेस्ट अॅपच्या परमिशन वापरून त्यांनी नवीन अॅप्स बनवली आणि एक नवीन यूजर बनवला, कशासाठी तर त्या अॅप्सना मंजुरी द्यायला. स्वतःच अर्ज करायचा आणि स्वतःच साहेब बनून सही करायची, म्हणजे आपल्याकडे जसं सरपंच आणि ठेकेदार एकाच घरात. नवीन खातं बनलं ही नोंद त्यांच्याकडे होतीच, नोंद असणं आणि त्यावरून कोणाचे कान टवकारणं ह्यात फरक आहे.

बरं नुसतं क्रिएट यूजरवर डोळा ठेवून पण भागत नाही, हुशार चोर नवीन नाव चढवतच नाही. अॅमेझॉनमध्ये एका यूजरला दोन अॅक्सेस की ठेवता येतात, बहुतेकांची एकच असते. चोर काय करतो, जो यूजर आधीच आहे त्याचीच दुसरी की काढतो. यादीत माणसं तेवढीच, नावं तीच, फक्त एकाच्या खिशात दोन किल्ल्या. म्हणून क्रिएट अॅक्सेस की ही नोंद मला क्रिएट यूजरपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्यातही बघायचं कि की कोणी काढली आणि कोणासाठी काढली, कारण रमेशच्या खात्यावरून सुरेशची की निघाली असेल तर दोघांनाही फोन करून विचारायला पाहिजे. दुसरा प्रकार, जो यूजर फक्त प्रोग्रामसाठी होता, ज्याला कधी पासवर्डच नव्हता, त्याला अचानक लॉगिन प्रोफाइल मिळणं. बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला ब्राउझरमध्ये लॉगिन कशाला करायचंय? तिसरा, कोणाचं तरी एमएफए काढून टाकणं. चौथा, पॉलिसी जोडणं नाहीतर अॅडमिनच्या ग्रुपमध्ये हळूच टाकणं. आणि एक तर भयंकरच, रोलची (रोल म्हणजे गरजेपुरती घालायची अधिकाराची टोपी) ट्रस्ट पॉलिसी, म्हणजे ती टोपी कोणी घालायची त्याची यादी, बदलून भलत्याच अकाउंटला आत यायची परवानगी देणं, त्यात आपल्या यादीत काहीच वाढत नाही, बाहेरचा माणूस बाहेरच राहून आत येतो. अजून एक, किल्ली डिलीट केली तरी तिच्यावर आधी काढलेलं तात्पुरतं टोकन, म्हणजे काही तासांचा पास, लगेच मरेलच असं नाही, काही टोकनं ३६ तासांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून फक्त की डिलीट करून झोपू नका, त्या यूजरला सगळं नाकारणारी पॉलिसी पण लावा.

अॅमेझॉनला स्वतःला हे कळतं बरं का. कोणाची की गिटहबवर, म्हणजे लोक कोड ठेवतात त्या साइटवर, उघड्यावर सापडली कि ते त्या यूजरला एक क्वारंटाइनची पॉलिसी चिकटवतात आणि त्यात जी कामं अडवलीत त्यात नवीन यूजर बनवणं, नवीन की काढणं हे आहेच. म्हणजे चोर आधी काय करेल हे त्यांनी ओळखलंय. आणि ते मेलही पाठवतात, तो मेल जातो रूट अकाउंटच्या, म्हणजे मूळ मालकी खात्याच्या, पत्त्यावर, आणि तो पत्ता असतो कंपनी काढताना संस्थापकाने बनवलेला, जो आता कोणी उघडत नाही. मी तीन ठिकाणी बघितलंय हे.

गुगलवाल्यांकडे जरा बरं आहे, त्यांच्या अॅडमिन अॅक्टिव्हिटीच्या नोंदी बंद करता येत नाहीत आणि ४०० दिवस राहतात. तिथे माणसांच्या खात्यापेक्षा सर्व्हिस अकाउंट, म्हणजे प्रोग्रामसाठीचं खातं, आणि त्याच्या की ह्यांचा घोळ जास्त, एका सर्व्हिस अकाउंटला १० पर्यंत की काढता येतात आणि त्या आपोआप संपत नाहीत. आणि जीक्लाउडची, म्हणजे गुगलच्या टर्मिनलवरच्या टूलची, कमांड मारली तर यूजर एजंटच्या रकान्यात नेमकी कुठली कमांड मारली ते पण लिहिलेलं असतं, हे मला फार आवडतं. त्या रकान्याचं त्यांनी ठेवलेलं नावच आहे कॉलर सप्लाइड यूजर एजंट, म्हणजे विचारणाऱ्याने स्वतः सांगितलेलं. प्रामाणिक नाव आहे. कारण ती शाई खोटी असू शकते, तो मजकूर समोरचा प्रोग्राम पाठवतो आणि समोरच्याला वाटलं तर तो ब्राउझरचं नाव पाठवेल, हल्ल्याची काही टूल्स हे करतातच, विशेषतः काली लिनक्सवरून, म्हणजे हल्ल्याच्या टूल्ससाठीच बनलेल्या लिनक्सवरून, चालत असतील तर, कारण अॅमेझॉनचं गार्डड्यूटी हे राखणदार टूल ते नाव दिसलं कि बोंब मारतं. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला साइन-इनच्या नोंदीत मायक्रोसॉफ्ट अझूर सीएलआय असं अॅपचं नाव दिसतं, ते बघायचं आणि त्याच माणसाने त्याच सुमारास ऑडिट लॉगमध्ये काय केलं ते जोडून बघायचं, दोन वह्या शेजारी ठेवून. पण फुकटवाल्या प्लॅनमध्ये ह्या नोंदी ७ दिवसच राहतात. सात दिवस! आमच्या त्या कंपनीला चोर आत असल्याचं कळायलाच सहा दिवस लागले होते.

आणि इथे आपला कायदा येतो. सर्ट-इनने, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस सांभाळून ठेवायचे असं आहे. आता हिशोब करा, अॅमेझॉनची फुकट यादी ९० दिवसांची, मायक्रोसॉफ्टची फुकट यादी ७ दिवसांची, सरकारला पाहिजेत १८०. मधलं अंतर तुम्ही स्वतः भरून काढायचं, ट्रेल बनवून नोंदी स्टोरेजमध्ये साठवायच्या, नाहीतर महागडा प्लॅन घ्यायचा. किती छोट्या कंपन्यांनी केलंय? मी ज्या नव्या गिऱ्हाइकाकडे जाते तिथे पहिला प्रश्न हाच विचारते आणि बहुतेक वेळा समोरून "ट्रेल म्हणजे?" असं येतं. दोष त्यांचा एकट्यांचा नाहीये. नोंदी बघायला जादा पैसे मागणं हा प्रकारच मला पटत नाही. २०२३ मध्ये चिनी गटाने अमेरिकन सरकारी खात्यांचे मायक्रोसॉफ्टवरचे मेल वाचले तेव्हा ते पकडलं कोणी, तर त्यांच्या परराष्ट्र खात्याने, कारण त्यांनी वरच्या प्लॅनचे लॉग विकत घेतलेले होते म्हणून त्यांना दिसलं. त्यावरून एवढी ओरड झाली कि मायक्रोसॉफ्टने बरेचसे लॉग खालच्या प्लॅनवाल्यांना पण खुले केले आणि मेलसकट त्यांच्या ऑडिटची मुदत ९० वरून १८० दिवस केली (ही वही वेगळी, वरची सात दिवसांची वेगळी). म्हणजे करता येत होतं.

आता कोणी म्हणेल कि बाई, आमचे इंजिनिअर दिवसरात्र टर्मिनलवरच असतात, मग काय प्रत्येक कमांडला भोंगा वाजवायचा? नाही वाजवायचा. मी पण एकदा असा भोंगा वाजवलाय आणि तोंडावर पडलेय. दिवाळीत रात्री साडेअकराला एका क्लायंटकडे सीएलआयवरून नवीन अॅक्सेस की, आयपी ओळखीचा नाही, मी पाच जणांना झोपेतून उठवलं, ते खातं लॉक केलं. तो निघाला त्यांचाच सीनियर, गावाला गेलेला, मेहुण्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हर दुरुस्त करत होता, आणि मी खातं लॉक केल्यामुळे तो सर्व्हर अर्धवट राहिला आणि त्यांची साइट दोन तास बंद. अजून तो मला लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा टोमणा मारून पाठवतो. तर प्रत्येक कंपनीची आधी सवय लिहून काढावी लागते, आपल्याकडे यूजर कोण बनवतं, कशाने बनवतं, किती वेळा. जिथे सगळं टेराफॉर्मने होतं तिथे ब्राउझरमधून बनलेला यूजर संशयास्पद. जिथे सगळं माउसने होतं तिथे कमांडने बनलेला. सरळ नियम नाहीच, घरागणिक वेगळं. आणि जमेल तर माणसांसाठी असे कायमच्या किल्ल्यांचे यूजर बनवूच नयेत, सिंगल साइन-ऑनने, म्हणजे ऑफिसच्या एकाच लॉगिनने, आत यावं, मग तर वर्षभरात एकही क्रिएट यूजर पडायला नको आणि पडला कि तो चोरच समजायचा, अलर्ट लावायला ह्याच्याइतकं सोपं काही नाही.

आणि फसलेल्या प्रयत्नांकडे लोक बघतच नाहीत ह्याचं मला फार वाईट वाटतं. यूजर बनवायचा प्रयत्न, अॅक्सेस डिनाइड. की काढायचा प्रयत्न, अॅक्सेस डिनाइड. नाकारलेल्या नोंदी पण लॉगमध्ये असतात. ज्या खात्याचं काम फक्त फाइल अपलोड करणं आहे ते खातं रात्री पाच वेगवेगळ्या अॅडमिन कमांड मारून बघतंय आणि पाचही नाकारल्या जातायत, म्हणजे कोणीतरी दाराच्या कड्या हलवून बघतंय. ह्या वेळी तुम्ही वाचलात, पण तोच माणूस उद्या दुसरी किल्ली घेऊन येणार.

खर्चाचं म्हणाल तर अॅमेझॉनवर ह्या पाच-सात नोंदींवर नियम लावून मेल पाठवायला महिन्याला चहाच्या कपाएवढे पण पैसे लागत नाहीत, इव्हेंटब्रिजमध्ये, म्हणजे नोंद पडली कि पुढचं काम करणाऱ्या अॅमेझॉनच्या सेवेत, एक नियम, एक ट्रेल, एक मेलचा टॉपिक, झालं. फक्त तो नियम पण नॉर्थ व्हर्जिनियातच लावायचा, मुंबईत लावला तर तो आयुष्यभर गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल सगळं शांत आहे. आणि मेल जिवंत माणसाच्या इनबॉक्सला जाऊ दे, रूटच्या त्या मेलेल्या पत्त्यावर नको. आणि हो, ट्रेल थांबवण्याच्या कमांडवर पण अलर्ट लावा, काही चोर हजेरीपटच मिटवायला बघतात.

आता आपल्याकडे मागणं. माझ्या माहितीतल्या दोन पतसंस्था, एक कॉलेज आणि एक हॉस्पिटल गेल्या तीन वर्षांत क्लाउडवर गेले, कोणाकडेही हे बघणारा माणूस नाही, आणि उद्या तिथे काही झालं तर आपला वार्ताहर जाणार, तिथले साहेब सांगणार कि "तातडीने सर्व पासवर्ड बदलण्यात आले असून यंत्रणा सुरक्षित आहे" आणि आपण ते तसंच छापणार. तर कृपया वार्ताहराने तिथेच तीन प्रश्न अजून विचारावेत, चोरीच्या दिवसांत नवीन खाती किती बनली, जुन्या खात्यांवर नवीन किल्ल्या किती निघाल्या, आणि त्या कन्सोलवरून निघाल्या का कमांड लाइनवरून. साहेबांना उत्तर येत नसेल तर तेही छापा. बाकी ग्राहकांनी ठरवावं.

त्या कंपनीचं पुढे काय झालं ते राहिलंच. बॅकअप-रिपोर्ट्स एकटा नव्हता, अजून दोन जुन्या यूजरवर दुसऱ्या की निघालेल्या सापडल्या, एक ट्रस्ट पॉलिसी बदललेली सापडली. पहाटे चारला सगळं एकदम बंद केलं, एकेक नाही. बिलाचं भांडण दीड महिना चाललं. तो झिपवाला पोरगा आता तिथे लॉग बघतो, रोज सकाळी, आणि चांगलं बघतो. चुलतभावाच्या लग्नाच्या फोटोंत मी एकाही फोटोत नाहीये.

आपली वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
कोथरूड, पुणे

ता. क. : पत्र पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले ओसरीवर भरलेली हजेरी निळ्या शाईने नाही, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने भरायचे, थुंकी लावून, आणि ती खोडता यायची नाही. छापलंत तर तेवढं दुरुस्त करून छापा.